आप्पांचा गुरुवारचा सौदा

आप्पा मुळ्ये पहिल्या भेटीत माणसाच्या डोळ्यांत बघत नाहीत. दातांत बघतात.

बदली होऊन मी काशीला आले त्या दिवशी ब्रह्मा घाटावरच्या घराच्या जिन्यात सामानाची यादी हातात धरून उभी होते. अडतीस नग होते. सदतीस वर गेले होते आणि एक खोका सापडत नव्हता. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून धोतर आणि कानटोपीतले एक उंच, म्हातारे गृहस्थ भिंतीला हात लावत उतरले, माझ्यासमोर थांबले आणि म्हणाले, "हसा बघू."

मी गोंधळून हसले.

"एक्कावन्न," ते म्हणाले. "खालच्या दोन दाढा भरलेल्या. बाकी तब्येत पक्की." मग खाली गल्लीकडे बोट दाखवून, "एक खोका बाहेर राहिलाय. सांड हुंगतोय त्याला. लोणचं आहे का आत?"

माझं वय एक्कावन्नच होतं. आणि खोक्यात लोणचंच होतं.

आप्पा गुरांचे डॉक्टर. म्हणजे होते, सरकारी पशुरुग्णालयातून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली. त्यांचं घराणं चार पिढ्या काशीत, आणि चारही पिढ्या वेदपाठी. घनपाठ्यांच्या घरात हा एकच मुलगा सुया आणि बाटल्यांची पेटी घेऊन गोठ्यांतून हिंडू लागला. वडील म्हणे आल्यागेल्याला सांगायचे, "थोरला ऋग्वेद म्हणतो, मधला यजुर्वेद म्हणतो, आणि धाकटा शेपूट धरतो." आप्पा ही गोष्ट सांगताना दर वेळी हसतात आणि शेवटी म्हणतात, "पण वडिलांच्या गाईला आफरा झाला, पोट नगाऱ्यासारखं फुगलं, तेव्हा रात्रभर कोण बसलं? यजुर्वेद तर घोरत होता."

आता भाड्याच्या बिऱ्हाडात ते एकटेच असतात. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी नीला नागपूरला शाळेत शिकवते. मी दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्यावर. माझाही नवरा सोलापूरला असतो आणि लेक बंगळुरूला, त्यामुळे संध्याकाळी दोन मजल्यांवर दोन कुकर लागतात आणि दोन्हींच्या तीनतीनच शिट्ट्या होतात.

मला याद्या करायची सवय आहे. फ्रिजवर एक, पर्समध्ये एक, बँकेतल्या टेबलाच्या काचेखाली एक. याद्या नसत्या तर एव्हाना माझ्या हातून काय काय राहिलं असतं, त्याचीही मी यादी करू शकेन. आप्पांनी आठवड्याभरात हे हेरलं आणि माझं नाव ठेवलं, यादीबाई. मंजिरी हे माझं खरं नाव त्यांना ठाऊक असावं, पण त्याचा पुरावा नाही.

जेवण झालं का, असं ते विचारत नाहीत. "रवंथ झाली?" असं विचारतात. मला एकदा ताप आला तर दाराशी उभे राहून म्हणाले, "कान दाखवा. कान थंड असतील तर घाबरायचं. गरम आहेत ना? मग बिलकुल चिंता नको." आणि तासाभराने पेज घेऊन आले. पेजेत गूळ होता. तो गुरांच्या हिशेबाने घातला होता, माणसांच्या नाही.

त्यांचं एक पालुपद आहे, "आधी चालवून दाखवा." बाजारात कुठलंही जनावर घेण्याआधी ते दहा पावलं चालवून बघतात, उभं असताना सगळीच जनावरं चांगली दिसतात, असं त्यांचं म्हणणं. पण आप्पा हे सगळ्यांना लावतात. माझा नवा फ्रिज आला तेव्हा पोरांनी तो जिन्याने कसाबसा चढवून ठेवला, पैसे मागितले, तर आप्पा मध्ये उभे. "आधी चालवून दाखवा." पोरांना वाटलं, पुन्हा जिना उतरवायला सांगतायत. एक जण रडकुंडीला आला.

शेजारच्या गुरुजींच्या मुलीला बघायला स्थळ आलं होतं. मुलगा बँकेतला म्हणून मलाही बोलावलेलं. चहा झाला, पोहे झाले, मुलाचा पगार झाला. आप्पा कोपऱ्यातून म्हणाले, "जरा त्या खिडकीपर्यंत जाऊन या हो." मुलगा बिचारा सरळ स्वभावाचा. गेला आणि आला. आप्पा म्हणाले, "डावा पाय जपून टाकतोय. बूट चावतोय. बाकी काही दोष नाही." बूट खरंच चावत होता, नवा होता. लग्न झालं. त्या मुलाने नंतर आप्पांच्या पाया पडून सांगितलं की त्या दिवशी आपल्याकडे नीट बघणारे तेवढेच एक होते.

एक गोष्ट मात्र आप्पांना चालत नाही. हात धरलेला. आमचा जिना चोपन्न पायऱ्यांचा, उभा, आणि मधल्या वळणावर दिवसाही अंधार. गेल्या पावसाळ्यात तिथे ते एकदा घसरले. तेव्हापासून मी जिन्यात भेटले की हात पुढे करते आणि दर वेळी तेच उत्तर मिळतं, "मी काय पाय मोडलेला बैल आहे?" आणि भिंतीला तळवा लावून चढू लागतात. भिंतीवर त्यांच्या हाताच्या उंचीवर एक काळपट पट्टा उमटला आहे, खालपासून वरपर्यंत.

हयातीच्या दाखल्यासाठी कार्तिकात ते माझ्या शाखेत आले होते. पेन्शनवाल्यांनी वर्षातून एकदा यंत्रावर अंगठा टेकवून आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचं असतं. आप्पांच्या अंगठ्याच्या रेघा झिजलेल्या. यंत्राने चार वेळा नकार दिला.

"यंत्राचा निकाल लागला," आप्पा सगळ्या शाखेला ऐकू जाईल असं म्हणाले. "मी गेलो. तेराव्याला या सगळ्यांनी."

मी काउंटरमागून बाहेर आले, ओल्या रुमालाने त्यांचा अंगठा पुसला, माझ्या हातात घट्ट धरला आणि यंत्रावर दाबला. पाचव्या वेळी दिवा हिरवा झाला. मी हात सोडला, तरी त्यांनी आपला हात क्षणभर तसाच यंत्रावर ठेवला होता. मागे रांग होती. मी "पुढचे" म्हणाले.

तर, गुरुवार. दर गुरुवारी सकाळी नऊला आप्पा दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर लाल चौकड्यांचा गमछा टाकून बाहेर पडायचे आणि दोनला परत यायचे. मला वाटायचं, दत्ताच्या दर्शनाला जातात. परत आल्यावर त्यांच्या अंगाला भुशाचा वास यायचा, पण काशीत कुठल्याही देवळातून परत येताना वाटेत गोठा लागतोच.

मग एका सोमवारी नीलाचा फोन आला.

"मंजिरीताई, आप्पा बैल घेतायत."

"काय घेतायत?"

"बैल! काल फोनवर म्हणाले, मोतीचा सौदा आता होत आलाय. मी विचारलं मोती कोण, तर म्हणाले, बैल, दुसरा कोण. दर गुरुवारी म्हणे त्यासाठी जातात ते बैलहट्ट्यात." तिचा आवाज बारीक झाला. "ताई, तिसऱ्या मजल्यावर बैल कोण घेतं हो? त्यांच्या डोक्यावर काही परिणाम झाला असेल का? तसं असेल तर मी आता ऐकणार नाही. सुट्टी टाकून येते आणि इकडे घेऊन जाते कायमचं."

मागच्या वर्षी तिने नेलं होतं. अकरावा मजला, लिफ्ट, सगळी सोय. आप्पा नवव्या दिवशी परत आले. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "तिथे खाली बघितलं तर सगळ्या गाड्या. एक जनावर नाही. सकाळी उठून नमस्कार कुणाला म्हणायचं?" पुन्हा नेलं तर ते किती टिकतील याची मला शंका होती. पण नीलाचंही चूक नव्हतं. बापाच्या जिन्यात ती तरी नागपूरहून हात कसा देणार?

"तुम्ही एकदा सोबत जाऊन बघा," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल तसं करते. पण खरं सांगा."

मी गुरुवारची अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बुधवारी यादी केली. मथळा, 'बैल ठेवण्यातील अडचणी'. एक, जिना. दोन, पाणी फक्त सकाळी दोन तास येतं. तीन, घरमालक. चार, गल्लीत आधीच दोन सांड राहतात, त्यांचं मत विचारात घ्यावं लागेल. अशा अकरा अडचणी निघाल्या. आप्पांना समजुतीने वाचून दाखवायच्या, असं ठरवून कागद पर्समध्ये ठेवला.

"मीही येते आज," मी सकाळी जिन्यात म्हणाले.

आप्पांनी माझ्या पायांकडे बघितलं. "चपला बदला. तिथे शेण असतं. आणि पर्स पुढे धरा, शेळ्या पट्टा खातात."

मैदागिनच्या चौकापर्यंत चालत, तिथून टोटोने, म्हणजे बॅटरीच्या रिक्षाने, वरुणा नदीचा पूल ओलांडून आम्ही पलीकडे उतरलो. बैलहट्टा म्हणजे जनावरांची जुनी पेठ. पेठ म्हटलं तरी आता बघावं तर मोबाइलची दुकानं, हेल्मेटं, प्लास्टिकच्या बादल्या. पण आप्पा टोटोतून उतरले आणि माझ्या लक्षात आलं की ते भिंत न धरता चालतायत. पाठही सरळ झाली होती.

"ही गल्ली रुंद का, सांगा," ते म्हणाले. "काशीत गल्ली कधी रुंद असते? बैलजोडी गाडीसकट वळली पाहिजे, म्हणून. ही बघा कडी."

घरांच्या दगडी जोत्यांत हाताच्या मनगटाएवढ्या जाडीच्या लोखंडी कड्या बसवलेल्या होत्या, ओळीने. दोराच्या घर्षणाने आतून चकचकीत झालेल्या. पूर्वी त्यांना बैल बांधायचे. आता स्कूटरी बांधल्या होत्या, साखळी आणि कुलूप लावून. एक लांबलचक दगडी हौद होता, जनावरांना पाणी पाजायचा. त्यात एका दुकानदाराने बादल्या रंगांप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. पितळी घंटांच्या दुकानात निम्म्या जागेत चार्जर लटकत होते. आप्पांनी जाताजाता एक घंटा हलवली. "ही म्हशीची. गाईला याहून बारीक आवाज लागतो." दुकानदाराने आतूनच हात जोडले, "परनाम, डागदर साहब."

मग मी मोजू लागले. टोकापर्यंत जाईस्तोवर आप्पांना सोळा जणांनी नमस्कार केला. ब्रह्मा घाटावर दिवसभरात तीन होतात.

गल्लीच्या शेवटी मोकळं मैदान होतं आणि तिथे अजून गुरुवारी बाजार भरतो. म्हशी, शेळ्या, थोड्या गाई. बैल जवळजवळ नाहीतच. शेतात ट्रॅक्टर आले, बैल करतील काय? सौदेसुद्धा फोनवर फोटो दाखवून, मोठमोठ्याने चालले होते. एका तरुण शेतकऱ्याने आप्पांना अडवून घेतलेली म्हैस दाखवली. आप्पांनी तिचा ओठ वर केला, दात बघितले, डोळ्याची पापणी खाली ओढली.

"आपने चलाके देखी?"

"जी, खड़ी-खड़ी ही ली."

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही आता या देशाचं काय व्हायचं. मग त्याला म्हैस दहा पावलं चालवायला लावली आणि म्हणाले, "ठीक है. किस्मतवाले हो."

मैदानाच्या कडेला एका कडुनिंबाखाली खाटेवर एक सुकलेला म्हातारा बसला होता. डोळ्यांत दुधासारखं पांढरं पडलेलं. हे रामधनी. पन्नास वर्षांहून जास्त या बाजारात दलाली केलेला माणूस. आता दिसत नाही म्हणून नातू सकाळी आणून बसवतो आणि दुपारी घेऊन जातो. आप्पा जवळ गेले आणि नुसता घसा साफ केला.

"का डागदर साहब, आज देर हो गयल?"

"साथ में मेहमान हैं. हमारी यादीबाई."

रामधनीने माझ्या दिशेने हात जोडले. आप्पा खाटेवर बसले. दोघांनी उजवे हात पुढे केले आणि आप्पांनी खांद्यावरचा गमछा त्या दोन हातांवर टाकला.

हा इथला जुना रिवाज. भाव तोंडाने बोलायचा नाही. कापडाखाली हातात हात घेऊन बोटांनी सांगायचा. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. पुढे शून्यं किती, ते जनावर बघून कळतं. बाजूला उभ्या असलेल्यांना काही समजत नाही. आता बाजारात असा सौदा करणारे हे दोघेच उरले होते. गमछ्याखाली काहीतरी हललं. रामधनी तोंड वाकडं करून म्हणाला, "मजाक मत करा." आप्पा म्हणाले, "सींग देखो, उमर देखो." पुन्हा हललं. रामधनीने मान जोरात हलवली. आप्पांनी आकाशाकडे बघितलं, जसं काही घोर अन्याय झाला.

मी इकडेतिकडे बैल शोधत होते. खाटेच्या मागे नव्हता. झाडामागे नव्हता. झाडाला एक रिकामी दावण तेवढी बांधलेली होती.

"आप्पा, मोती कुठे आहे?"

"मोती?" आप्पा हात न काढता म्हणाले. "त्याला जाऊन झाली की अकरा वर्षं. म्हातारा झाला होता. देखणा बैल, यादीबाई. मी निवृत्त झालो त्या आठवड्यात सहज भाव विचारला. या माणसाने असा आकडा सांगितला की मला राग आला. म्हटलं, पुन्हा येतो. तेव्हापासून चालू आहे."

"पण बैल गेला ना!"

"गेला."

"मग तो गेला तेव्हा काय केलंत?"

आप्पांनी थोडा विचार केला. "त्या आठवड्यात मी भाव जरा वाढवून दिला. हा माणूस दुःखात होता."

पर्समधल्या अकरा अडचणींचं काय करावं, मला कळेना. अकराव्या अडचणीत सुद्धा, बैल नसेल तर काय, हे लिहिलेलं नव्हतं.

"तर मग हा सौदा संपवून का टाकत नाही?" मी रामधनीला हिंदीत विचारलं. मला अर्धवट राहिलेली कामं बघवत नाहीत.

तो बोळक्या तोंडाने हसला. "सौदा पट जाई, त डागदर साहब बियफे के काहे अइहें?" बियफे म्हणजे गुरुवार, आणि सौदा पटला तर ते गुरुवारी येतील कशाला, असा त्याचा सवाल. मग जरा थांबून म्हणाला की पूर्वी डागदर साहेब दोन-चार महिन्यांतून एखाद्या वेळी यायचे. डागदरीणबाई गेल्यापासून एकही गुरुवार चुकला नाही. पावसातही नाही.

आप्पा दुसरीकडे, म्हशींकडे बघत होते. "भीड आज कम है," ते म्हणाले.

बोलणं थांबलं होतं. गमछा हलायचाही थांबला होता. बोटांनी सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. पण हात कापडाखाली तसेच होते, एकात एक, आणि दोन्ही म्हातारे वेगवेगळ्या दिशांना बघत निवांत बसले होते. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. रामधनी एवढंच म्हणाला, "हाथ ठंडा हौ आज." आप्पांनी थंडीवर ढकललं, "जाड़ा है."

मी शेळ्यांपासून पर्स सांभाळत उभी होते आणि सवयीने मनात यादी करू लागले. गेल्या वर्षभरात आप्पांचा हात कुणी कुणी धरला. एक, रक्त तपासायला येणारा लॅबवाला. दोन, मी, अंगठ्यापुरता, रांग थांबली होती म्हणून. तिसरं नाव काही आठवेना. मग आठवलं ते समोरच बसलेलं होतं.

मी बाजूला जाऊन नीलाला फोन लावला.

"बैल नाही," मी म्हणाले.

"म्हणजे? घेतला नाही?"

"बैल नाहीच आहे. नुसता सौदा आहे." आणि मी तिला जेवढं दिसलं तेवढं सगळं सांगितलं. शाळेची घंटा झालेली मला ऐकू आली, तरी तिने फोन ठेवला नाही.

"आईचं बोट धरून चालायचे ते घाटावर," शेवटी ती म्हणाली. "हसायचे सगळे. ती उलट, यांनीच माझं बोट धरलंय म्हणून सांगायची." मग नाक पुसल्यासारखा आवाज आला. "मग मी काय करू, ताई? घेऊन जाऊ का नको?"

"डोकं शाबूत आहे त्यांचं. गुरुवार राहू देत. टोटोवाला मी ठरवून देते, ओळखीचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तू ये, आणि बैलहट्ट्यात जा त्यांच्याबरोबर. आणि जिन्याचं..." मी थांबले. "जिन्याचं बघते मी."

परतताना घंटांच्या दुकानाशेजारी मी एक गमछा घेतला. लाल चौकड्यांचाच. माझ्या कुठल्याच यादीत तो नव्हता. आप्पांनी विचारलं, "पोळ्या गुंडाळायला?" मी हो म्हणाले.

घरी पोचलो तेव्हा दोन वाजले होते. गल्लीतल्या सांडाने आम्हाला हुंगून रस्ता दिला. जिन्याशी आल्यावर आप्पांची पाठ पुन्हा वाकली, आणि तळवा आपोआप भिंतीवरच्या काळ्या पट्ट्याकडे गेला. मी एक पायरी वर चढून त्यांच्यापुढे उभी राहिले, उजवा हात पुढे केला आणि त्यावर नवा गमछा टाकला.

आप्पांनी आधी गमछ्याकडे बघितलं. मग माझ्या दातांकडे. मी हसत असावे.

"जनावर कुठलं?" त्यांनी विचारलं.

"मोती."

"तुम्ही पाहिलेला नाही."

"तुम्ही सांगा की. शिंगं कशी होती?"

मग त्यांचा उजवा हात भिंतीवरून सुटला आणि कापडाखाली आला. थंडगार, हलका, आणि पकड मात्र गुरांच्या डॉक्टरची. आम्ही चढू लागलो. शिंगं आत वळलेली होती, अर्ध्या चंद्रासारखी. कपाळावर भोवरा. चालताना मान डावीकडे टाकायचा. मधल्या अंधाऱ्या वळणावर मी त्यांची तीन बोटं दाबली.

"तीन?" आप्पा थबकले. "यादीबाई, या भावात शेळी येत नाही!"

"मग तुम्ही सांगा."

त्यांनी पंजा धरला. मी नको म्हणाले. त्यांनी पुन्हा धरला. असे आम्ही चोपन्न पायऱ्या चढलो, वाटेत माझं दार लागलं ते मागे टाकून, तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दारापर्यंत. भाव जमला नाही.

"आता पुढच्या वेळी बघू," मी म्हणाले.

"बघू," आप्पा म्हणाले.

दाराची किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या उजव्या खिशात होती. त्यांनी डावा हात अंगावरून वळवून, एका खांद्यावर तिरके होत, बराच वेळ खटपट करून ती काढली.